पाचशेची नोट आणि आईचा प्रश्न

मतदानाच्या आदल्या रात्री साडेदहाला दारात एक पोरगं आलं, हातात मतदारयादीची झेरॉक्स, नावांपुढं पेनानं टिका. "काकू, चारच ना घरात?" म्हणत पाकीट दिलं आणि पुढच्या जिन्याला लागलं पण. मी आत जेवत होतो. आईनं पाकीट देवघराच्या खणात टाकलं आणि मी सुरू झालो, लोकशाही विकली, अमुक तमुक... तर म्हणाली, "मग दारातला रस्ता तू करून देतोस का? पाच वर्षात त्यांच्याकडनं हातात पडतंय ते एवढंच."

आता बोला.

सांगलीत विश्रामबागच्या कट्ट्यावर बसलं की एकच रेकॉर्ड, लोकच विकले जातात. मताला पाचशे म्हणजे पाच वर्षांच्या हिशेबानं दिवसाला २७ पैसे, हा मेसेज तर प्रत्येक इलेक्शनला फिरतोय. पाठवणाऱ्यातले निम्मे मतदानाला सुट्टी जोडून गोव्यात असतात ते सोडा.

पण ते पाचशे आले कुठनं? विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख, पक्षाला मर्यादाच नाही. नुसत्या लाखभर मतांना पाचशे वाटायचे म्हटलं तरी पाच कोटी झाले की. एवढं कोण स्वतःच्या खिशातनं घालतंय? कुणीतरी ठेकेदार, बिल्डर मागं असतोय आणि तो ते नंतर वसूल करतोय. आमच्या गल्लीतलं दिवाळीआधीचं डांबर चपलेच्या टोकानं उचकटलं, बिस्किटाएवढा थर आणि खाली माती.

दिल्लीत तेच, फक्त शून्यं जास्त. कंपन्यांनी पक्षांना नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यायची ही अट २०१७ ला काढली, वर निवडणूक रोखे आणले, बँकेतनं विकत घ्यायचे आणि पक्षाला द्यायचे, म्हणजे कुणी कुणाला दिलं ते आपल्याला कळायचंच नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवले तेव्हा यादी बाहेर आली. सगळ्यात मोठी खरेदी एका लॉटरीवाल्या कंपनीची, तेराशे कोटींच्या वर! त्याला देणगी म्हणायचं आणि आईच्या पाचशेला लाच. कायद्यानं घेणारीपण गुन्हेगार आहे, मान्य, पण तिच्या आधी किती जणांचा सौदा होऊन गेलेला असतोय. ज्याच्याकडं पैसा नाही त्याला तिकीटच मिळत नाही, मग आपण निवडतो ते काय, कुणीतरी आधीच वाढून ठेवलेल्या ताटातलं.

आणि लोक पैशापुढं आंधळे असते तर २०१९ ला साताऱ्यात पवारसाहेबांच्या त्या पावसातल्या सभेनंतर उदयनराजे पडले नसते, २०२४ ला आमच्या सांगलीत दोन्ही आघाड्यांना बाजूला सारून अपक्ष विशाल पाटील खासदार झाले नसते. लोक घेतात आणि करायचं तेच करतात. चुकतो कुठं तर मतदानानंतर, कारण त्या डांबराचं टेंडर कितीचं होतं हे मी स्वतः एकदापण जाऊन विचारलं नाही, नुसत्या पोस्टी टाकल्या.

मत कुणाला दिलं ते आईनं सांगितलं नाही. चौथ्या दिवशी कामावरनं आलो तर गल्लीत मुरमाची ट्रॉली ओतलेली, आई आणि शेजारच्या दोन काकू फावडी घेऊन उभ्या, तिघींनी पाकिटं एकत्र केलेली. मला बघून म्हणाली, "आलास का, पाटी धर."