स्टिकर कुठाय?

आमच्या चिपळूणला बर्फ दोनच ठिकाणी भेटायचा, गोळेवाल्याच्या गाडीवर आणि मासळी बाजारात. त्यामुळे कॅनडात, ओंटारियोत अकरा वर्षं काढल्यावर बायकोच्या लेखी विरोधाला न जुमानता (व्हॉट्सॲपवर होता, म्हणजे लेखीच) मी सेकंडहँड स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर पळणारी मोटारसायकलच, घेतली तेव्हा आईने फोनवर एवढंच विचारलं, "छप्पर आहे ना रे तिला?" नाही म्हटलं. "दारं?" नाही. "निदान हीटर?" मी उत्साहाने सांगितलं की हँडल गरम होतं, अंगठ्यापुरता तर वेगळा हीटर आहे. आई जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "थांब, बाबांना देते."

तर आता गाडी घेतली म्हणजे चालवायला हवी, चालवायची तर ट्रेलवर, म्हणजे बर्फातल्या आखलेल्या वाटेवर, आणि ट्रेलवर जायचं तर परमिट. ओंटारियोत स्नोमोबाइल क्लबांचं फेडरेशन आहे, त्यांचं ३०,००० किलोमीटरच्या आसपास ट्रेलचं जाळं आहे आणि त्यावर जायचं तर गाडीवर त्या सीझनचं स्टिकर पाहिजे. १ नोव्हेंबरपर्यंत घेतलं तर सगळ्यात स्वस्त, १ डिसेंबरपर्यंत जरा महाग, त्यानंतर पूर्ण भाव, आणि पहिल्या भावात आणि शेवटच्या भावात ऐंशी-एक डॉलरचा फरक. गोम अशी की १ नोव्हेंबरला अंगणात नुसती वाळकी पानं असतात, यंदा बर्फ किती पडणार हे कुणाच्या बापाला माहीत नसतं आणि पैसे मात्र तेव्हाच भरायचे.

"ही धूळपेरणी झाली लगा," आमच्यातला सांगलीकर म्हणाला. पाऊस येणारच असं धरून कोरड्या रानात बियाणं टाकायचं. घरची द्राक्षबाग असलेला माणूस, त्याला हे बरोबर कळलं, पण कळूनही त्याने परमिट घेतलं नाही. नागपूरकर म्हणाला, "काऊन घ्यायचं बे आत्ताच? बर्फ तर पडू दे." मी नेहमीप्रमाणे बघू म्हटलं. आमच्या चौघांत एकट्या डोंबिवलीकराने ३० ऑक्टोबरला पैसे भरले, स्टिकर लावलं, त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि पुढचे दोन महिने आमच्या चुकलेल्या गाडीवर, म्हणजे सवलतीवर, रोज न चुकता जोक मारले. तो वर्षानुवर्षं सकाळची फास्ट लोकल पकडलेला माणूस, वेळेच्या बाबतीत त्याला काही बोलायची सोय नाही.

बर्फ पडला २० डिसेंबरच्या पुढे. आम्ही तिघांनी पूर्ण भावाने परमिट काढलं. नागपूरकराने पैसे भरताना जे शब्द वापरले ते इथे लिहिता येणार नाहीत, पण त्यांचा गोषवारा असा होता की समृद्धी महामार्गावर टोल घेतात तिथे निदान खाली काँक्रीट तरी दिसतं, इथे टोलही भरायचा, रस्ताही बर्फाचा आणि तो बर्फही देवाने फुकट पाडलेला.

मग प्लॅनिंग. लांबचा पल्ला मारायचा हे ठरलं होतं, कुठला ते ठरायला तीन आठवडे आणि साधारण चारशे मेसेज लागले. शेवटी नॉर्थ बे, तिथून वर टेमागामी, न्यू लिस्कर्ड, मग वळसा घालून शेजारच्या क्युबेक प्रांतात व्हिल-मारी, खाली टेमिस्कमिंग आणि परत नॉर्थ बे, असा टेमिस्कमिंग तलावाभोवतीचा फेरा निघाला. रस्त्याने मोजलं तर चारशेच्या आत बसतं, ट्रेलने कागदावर पाचशेच्या पुढे गेलं, कारण ट्रेल काय सरळ जात नाही, ती या शेताच्या कडेने, त्या तळ्यावरून, विजेच्या तारांखालून, जिथे कुणी जाऊ देतं तिथून जाते. तीन दिवस, दोन मुक्काम. त्यात पेट्रोलचं गणित वेगळं. टाकी चाळीस लिटरच्या आसपास, पाठीवर सामान, भुसभुशीत बर्फ लागला तर गाडी दीडशे किलोमीटरलाच धापा टाकते, आणि नागपूरकराची जुनी टू-स्ट्रोक पेट्रोल तर पितेच, वर ऑइलचा चखणा वेगळा मागते. म्हणजे मुक्काम आपण ठरवत नाही, पेट्रोल पंप ठरवतो.

आणि नकाशा! फेडरेशनच्या ऑनलाइन नकाशावर ट्रेल हिरवी असली तर खुशाल जा, पिवळी असली तर जपून, लाल असली तर घरी बसा. आठवडाभर आम्ही चौघं त्या नकाशाकडे दहावीच्या निकालासारखे बघत होतो. टेमागामी हिरवं झालं की खालचा तुकडा पिवळा, तो हिरवा झाला की जानेवारीत पाऊस पडून वरचा लाल. बायको म्हणाली, "एवढं लक्ष शेअर मार्केटच्या लाल-हिरव्यात घातलं असतंस तर फिरायला हवाईला गेलो असतो."

हे सगळं जमवत आणलं तेव्हा सांगलीकराने हळूच विचारलं, क्युबेकचं परमिट कुणी काढलंय का? ओटावा नदी ओलांडली की फेडरेशन वेगळं, परमिट वेगळं, भाषा पण वेगळी. एवढंच कशाला, आमच्याकडे ट्रेलवर ताशी ५० ची मर्यादा, तिकडे ७०. क्युबेकची मंडळी स्नोमोबाइल जरा जास्तच मनावर घेतात आणि घेणारच म्हणा, स्की-डू ही नावाजलेली स्नोमोबाइल जन्मलीच तिथे, व्हालकूर नावाच्या गावात, १९५९ साली. ती काढणारा बोंबार्दिए नावाचा मेकॅनिक, त्याचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात गेला, रस्ते बर्फाने बंद, हॉस्पिटलपर्यंत पोचताच आलं नाही, आणि हा माणूस बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या मागे आधीपासूनच होता तो मग हात धुऊन लागला. हे वाचल्यावर परमिटवरून कुरकुर करायची जरा लाज वाटते. पाचेक मिनिटं वाटते.

माझा साडू मिनेसोटात असतो, त्याला फोनवर रडगाणं ऐकवलं तर तो हसायलाच लागला. म्हणे तुमचं दोनात भागतं, आम्ही वीकेंडला निघालो की मिनेसोटाचं वेगळं, विस्कॉन्सिनचं वेगळं, मिशिगनचं वेगळं, गाडीचा पुढचा भाग म्हणजे जुन्या काळची प्रवासातली ट्रंक झालीय नुसती, जिथे जाईल तिथलं लेबल. आणि गाईड न घेता यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये स्वतःची स्नोमोबाइल न्यायची असेल तर चक्क लॉटरी, एका गेटमधून दिवसाला एकच खाजगी ग्रुप, जास्तीत जास्त पाच गाड्या. म्हाडाच्या लॉटरीत कधी नंबर न लागलेल्या डोंबिवलीकराने तो विषय तिथेच बंद केला.

क्युबेकचं तीन दिवसांचं परमिट काढायला मी बसलो. पान फ्रेंचमध्ये उघडलं. परमिटला ते लोक 'द्र्वा दाक्से' म्हणतात, म्हणजे प्रवेशाचा हक्क. मी मोठ्याने वाचून दाखवलं तर सांगलीकर खूश, "द्राक्ष दाखव म्हणतंय? दाखवतो की, आमच्या तासगावची दाखवतो." त्यानंतर ट्रिपभर आमच्यात परमिटला द्राक्ष हाच शब्द रूढ झाला. बाहेरच्या माणसाने आमचं बोलणं ऐकलं असतं तर आम्ही फळांचे व्यापारी वाटलो असतो.

निघायच्या दोन दिवस आधी डोंबिवलीकराच्या गाडीने मान टाकली. चेनकेसमधून, म्हणजे साखळीच्या पेटीतून, तेल गळायला लागलं, पार्ट यायला दोन आठवडे. ट्रिप रद्द होणार असं वाटत असताना त्याच्या शेजारच्या आजोबांनी आपली गाडी दिली. भला माणूस. तो त्या गाडीवरून फक्त तळ्यावर जातो, बर्फाला भोक पाडून मासे पकडत बसतो आणि अंधार पडायच्या आत घरी. डोंबिवलीकराने ऑइल बघितलं, पट्टा बघितला, स्पेअर बेल्ट घेतला, इन्शुरन्सचे कागद प्लास्टिकमध्ये घातले, सगळं अगदी वेळेवर.

पहिल्या दिवशी टेमागामीच्या अलीकडे, उणे सत्तावीस, ऊन असं की डोळे दिपतायत, आम्ही चौघं एका मागे एक मस्त चाललोय, आणि वळणावर दोन गाड्या आडव्या. ट्रेल पॅट्रोलवाले. साठी उलटलेले एक काका, मिशीला बर्फ लागलेला, अगदी गोड हसत आले, हेल्मेट बघितलं, लायसन्स बघितलं. माझं स्टिकर बघितलं. सांगलीकराचं बघितलं. नागपूरकराने आपलं बोट ठेवून दाखवलं, महाग पडलं होतं ना. मग काका डोंबिवलीकराच्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून आले.

"स्टिकर?"

डोंबिवलीकराने अत्यंत आत्मविश्वासाने फोन काढला आणि ३० ऑक्टोबरचा फोटो दाखवला. काकांनी फोटो बघितला, गाडी बघितली, परत फोटो बघितला. फोटोतली गाडी पिवळी होती, समोरची काळी. परमिट माणसाला नसतं, गाडीला असतं, ते आमच्यातल्या सगळ्यात हुशार माणसाच्या गॅरेजमध्ये तेल गळत उभ्या असलेल्या गाडीवर चिकटलेलं होतं, सवलतीत घेतलेलं.

काका म्हणाले दंड करत नाही, पण इथेच आत्ता फोनवर परमिट काढा, तोवर पुढे जाता येणार नाही. नेटवर्कची एक कांडी होती, तीही फोन डोक्यावर धरला तर. फॉर्मने गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख नंबर, मागितला. तो असतो सीटखालच्या ॲल्युमिनियमवर उजव्या बाजूला कोरलेला, आणि त्यावर बोटभर जाडीचा बर्फ थापलेला. नखं चालेनात, चावी चालेना. तेव्हा सांगलीकराने आपल्या बॅगेतून उलथनं काढलं. हो, स्टीलचं, लाकडी मुठीचं. मोटेलमध्ये भाजणीची थालीपिठं लावायची म्हणून बायकोने दिलेलं. त्या उलथन्याने ट्रेलवर गुडघे टेकून त्याने खरवडायला घेतलं, तव्याला लागलेलं खरवडतात तसं, एकेक अक्षर वर यायला लागलं आणि नागपूरकर मोठ्याने वाचायला लागला, "टू... बी, बी फॉर बडनेरा... पी फॉर पुसद..." डोंबिवलीकर हातमोजा काढून टाइप करतोय, दर चार आकड्यांनी हात काखेत. मध्येच प्रश्न आला हे शून्य का ओ? यावर आमच्यात पूर्ण शास्त्रार्थ झाला. काका मागून शांतपणे म्हणाले, व्हीआयएनमध्ये ओ नसतोच. आय नसतो, क्यू पण नसतो, अशी भांडणं होतात म्हणूनच. सतरा अक्षरं घ्यायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली.

डोंबिवलीकराने शेवटी दाबलं, पैसे गेले, ईमेल आला, काकांनी बघितला आणि हात हलवून निघून गेले. मग सायलेन्सरवर बसवलेल्या पत्र्याच्या डब्यातून फॉइलमधली थालीपिठं काढली. एका बाजूने करपलेली, दुसऱ्या बाजूने गोठलेली.

त्या रात्री मोटेलकडे येताना शेवटचे वीस किलोमीटर हाडं खिळखिळी झाली. दिवसभर गाड्या जाऊन जाऊन ट्रेलवर जे उंचवटे होतात त्यांना इथे मोगल म्हणतात, खरंच मोगल, आणि आमच्यासारख्या चार मावळ्यांची त्यांनी दाणादाण उडवली. तेवढ्यात समोरून दिवे आले, ग्रूमर, म्हणजे पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर, मागे भलीमोठी फळी ओढत, बैलगाडीच्या वेगाने. आम्ही कडेला थांबलो. ड्रायव्हरने काच खाली करून सांगितलं, रात्रीच करावं लागतं, गाड्याही कमी असतात आणि थंडीत बर्फ घट्ट बसतो, सकाळपर्यंत कुणी गेलं नाही तर ट्रेल गुळगुळीत. तो पहाटे चारपर्यंत फिरणार होता. सांगलीकर मागच्या सपाट पट्ट्याकडे बघत राहिला, "काय फळी मारलीय लगा." नागपूरकर म्हणाला, मोगलांच्या घोड्यांना पाण्यात दिसायचे ना, संताजी-धनाजी, ते असेच येत असतील. टोलबद्दल मात्र तो त्या रात्री काही बोलला नाही.

क्युबेकमध्ये काही झालं नाही. द्राक्ष कुणी मागितलंच नाही, तीन दिवसांचं होतं, सत्तर किलोमीटर जास्त जाऊन मुद्दाम वापरून घेतलं.

घरी आल्यावर डोंबिवलीकर हिशोबाला बसला तेव्हा कळलं की गारठलेल्या अंगठ्याने त्याने थोड्या दिवसांचं परमिट न दाबता वरचं पहिलं बटण दाबलं होतं. पूर्ण सीझनचं. पूर्ण भावाने. शेजारच्या आजोबांच्या गाडीच्या नावावर. गाडी धुऊनपुसून परत देताना त्याने ते सांगितलं आणि आजोबांनी कपाळाला हात लावला, मग दोन दिवस विचार केला, आणि मग मासे सोडून रोज ट्रेलवर जायला लागले. मार्चपर्यंत जात होते. डोंबिवलीकराची पिवळी गाडी तोपर्यंत पार्टची वाट बघत उभी होती, स्टिकर शाबूत. परवा आजोबा कुंपणाशी भेटले आणि मोठ्या आपुलकीने विचारत होते, पुढच्या वर्षी कधी नेतोस गाडी, नोव्हेंबरच्या आधी सांग हं, स्वस्त पडतं म्हणे.