‘गर्दीच नाही तर चालवताय कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं असं की मॅस्टोडॉनवर, म्हणजे एका कंपनीच्या हाती नसलेल्या, एकमेकांना जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या ट्विटरसारख्या जाळ्यावर, मराठी माणसांचा छोटा सर्व्हर चालवणं म्हणजे पैसा आणि वेळ वाया, २०१९ च्या नोव्हेंबरात ट्विटरवर चिडून बरेच भारतीय तिकडं गेले आणि थोड्याच दिवसांत परतले, मग आता कोल्हापुरात बसून तुम्ही वेगळं काय करणार.

परतले हे खरंच आहे. का परतले ते बघा की. नव्या छोट्या सर्व्हरवर माणूस येतो तेव्हा त्याला जवळपास काहीच दिसत नाही, कारण त्या सर्व्हरवरचं कुणीतरी ज्यांना फॉलो करतंय त्यांच्याच पोस्ट तिथं येतात आणि पुढ्यात आणून टाकणारा अल्गोरिदम नाही, मग त्याला वाटतं इथं कोणच नाही आणि तो जातो. रिले, म्हणजे बऱ्याच सर्व्हरवरच्या पोस्ट एकमेकांकडं पोचवणारी सोय, जोडला तर पोस्टचा पूर येतो, खरं त्यात मराठी नावाला, आणि बाहेरच्या पोस्टमधल्या फोटोंच्या प्रती आपल्याच डिस्कवर साठत जातात, म्हणजे सभासद मोजके असले तरी स्टोरेजचं बिल वाढतंच. त्यामुळं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मराठीत लिहिणाऱ्यांची यादी हातात देणं हे कुठल्याही जाहिरातीपेक्षा महत्त्वाचं.

पण माझ्या मते खरी अडचण मॉडरेशनची आहे. मराठीत जातीवरनं मारलेला टोमणा, आडनावावरनं केलेला अपमान जर्मनीत बसून सर्व्हर चालवणाऱ्या ॲडमिनला कसा कळणार? कुठल्या फिल्टरलाही तो धड सापडत नाही. ते वाचायला आपलीच माणसं लागतात, रात्री अकरालाही लागतात. आणि आपण दुर्लक्ष केलं तर बाकीचे सर्व्हर आपला अख्खा सर्व्हरच ब्लॉक करतात, म्हणजे दोघांच्या शिवीगाळीची शिक्षा सगळ्यांना.

आपल्या फुटबॉल खेळणाऱ्या तालमींचंच घ्या, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रत्येकाची पोरं वेगळी, वर्गणी वेगळी, खरं शाहू स्टेडियमवर उतरलं की नियम एकच. ॲक्टिव्हिटीपब हे सर्व्हरनी एकमेकांशी बोलायचे तसेच सामाईक नियम, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं २०१८ ला मान्य केलेले. आणि तालीम टिकते ती मागं राबणाऱ्या माणसांवर, गॅलरीतल्या गर्दीवर नाही.

‘मोठी कंपनीच बरी’ म्हणताय, तर कू हे ट्विटरसारखं भारतीय ॲप आठवा. पैसा होता, गर्दी होती, तरी २०२४ ला बंद झालं. छोटे सर्व्हरही बंद पडतात, ते मी नाकारत नाही, आणि दुसरीकडं गेलं तर फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट नेता येत नाहीत, ही मोठी उणीव आहे. म्हणूनच मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर रोजचा बॅकअप, ॲडमिनशिवाय आणखी एकाकडं सर्व्हरचा ताबा आणि बंद करायच्या आधी किमान ३ महिन्यांची सूचना, एवढं कबूल करावं लागतं. मला हे नियम फार योग्य वाटतात.

पुराचं तर तुम्हाला माहितीच आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ४३ फुटांवर गेलं की धोका पातळी, आणि फेसबुकवर तेव्हा दोन दिवसांपूर्वीची पोस्ट वर येऊन माणसं घाबरतात. आमच्याकडं पोस्ट वेळेच्या क्रमानं येतात. तेवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हा खटाटोप करीन.

तेव्हा सभासद वाढवायची मला घाई नाही. मराठी नीट वाचणारे आणखी दोन मॉडरेटर मिळेपर्यंत नोंदणी मंजुरीनंच ठेवणार आहे. तुम्ही एवढं बारकाईनं वाचता, तर त्यातले एक व्हाल का?