रूळ तेच, ओव्हरहेड वायर वेगळी

विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाले, तेव्हापासून ठाण्यातल्या आमच्या डीटीपीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. गेल्या आठवड्यात तो मला तिसऱ्यांदा आला. या वेळी नौपाड्यातल्या एका काकांनी पाठवला आणि खाली विचारलं, "सेकंडहँड मॅक मिनी मिळतोय, घेऊन टाकू का?"

मेसेज थोडक्यात असा: वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम विंडोजविना चालवायचं सॉफ्टवेअर) हा विंडोजचा एमुलेटर, म्हणजे अख्ख्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे. त्यात मायक्रोसॉफ्टचाच कोड आहे. तो लिनक्सवर चालतो, म्हणजे मॅक, फ्रीबीएसडी कुठेही चालणार, कारण सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या युनिक्सच्याच भाऊबंद. नुसतं पुन्हा कंपाइल करायचं, म्हणजे मूळ कोडमधून प्रोग्रॅम नव्याने तयार करायचा. मग कुठलीही ईएक्सई (विंडोजच्या प्रोग्रॅमची फाइल) चालवा.

एमुलेटर? वाइनच्या नावाचा विस्तारच 'वाइन इज नॉट ॲन एमुलेटर' असा आहे. विंडोजच्या प्रोग्रॅममधल्या सूचना थेट तुमच्या प्रोसेसरवर चालतात. प्रोग्रॅम जेव्हा विंडोजकडे काही मागतो (फाइल उघड, खिडकी काढ) तेव्हाच वाइन मध्ये येऊन उत्तर देतं. हा शब्दांचा कीस नाही. प्रोसेसर बदलला की एकट्या वाइनचं काही चालत नाही, हा त्याचा अर्थ. काकांना मिळणारा मॅक मिनी ॲपलच्या स्वतःच्या एम१ प्रोसेसरचा असेल, तर इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सूचनांचं भाषांतर ॲपलचं रोझेटा २ करणार आणि त्यावर वाइन बसणार. एकाच्या डोक्यावर दुसरा दुभाषा.

मायक्रोसॉफ्टचा कोड? नाही. वाइन १९९३पासून विंडोजची वागणूक बाहेरून बघून लिहिलेलं आहे. विंडोजचा सोर्स (मूळ कोड) पाहिलेल्या माणसाचं काम वाइनवाले घेतच नाहीत. पुढे.

आता 'नुसतं रिकंपाइल'. खरी गोम इथे आहे. आपल्या लोकल पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर धावायच्या. त्यांना २५,००० व्होल्ट एसीवर आणायचं ठरलं, तेव्हा रूळ तेच होते, फलाट तेच होते, तरी जुना डीसी रेक नव्या वायरखाली हलला नसता. मधल्या काळासाठी दोन्ही प्रवाहांवर चालणारे रेक आणावे लागले. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर हे काम २०१५पर्यंत चाललं, हार्बरला २०१६ उजाडलं. युनिक्सचं भाऊबंदपण म्हणजे ते रूळ. वाइन अडतं ते वायरपाशी.

एकच उदाहरण घेतो, पण नीट घेतो. ६४-बिट (म्हणजे नव्या पिढीच्या) विंडोजमध्ये प्रत्येक थ्रेडची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या प्रत्येक समांतर कामाची, एक खासगी वही असते. ती कुठे ठेवलीय हे प्रोग्रॅम प्रोसेसरमधल्या जीएस नावाच्या रजिस्टरवरून (छोट्याशा कप्प्यावरून) शोधतो. त्यासाठी तो कुठलंही फंक्शन बोलावत नाही. ती सूचना ईएक्सईतच कोरलेली असते, त्यामुळे वाइनला मध्ये हात घालायला जागाच मिळत नाही. लिनक्स स्वतःच्या थ्रेडच्या माहितीसाठी एफएस नावाचं दुसरं रजिस्टर वापरतं, म्हणून जीएस मोकळं सापडलं आणि वाइनने ते विंडोजच्या पद्धतीने वापरलं. मॅकओएस मात्र जीएस स्वतःसाठीच वापरतं. खुर्ची एक, मालक दोन. तिथे कंपाइल करून काय होणार? कंपाइल तर होतच होतं, चालत नव्हतं! वाट निघाली ती अशी: जीएस जिथे नेतं त्या स्वतःच्या तक्त्यातले एकदोन रकाने ॲपलने सोडून दिले आणि विंडोजचे प्रोग्रॅम जे पत्ते सर्रास वाचतात तेवढे वाइनने तिथे भरले. मॅकवर ६४-बिट प्रोग्रॅम चालवणारं वाइन २.० आलं तोवर जानेवारी २०१७ उजाडला होता.

लगेच दुसरा दणका. ऑक्टोबर २०१९च्या कॅटालिना या आवृत्तीपासून मॅकओएसने ३२-बिट (जुन्या पिढीचे) प्रोग्रॅम चालवणंच बंद केलं, आणि आपल्या दुकानांतली जुनी मराठी फॉन्टची सॉफ्टवेअरं बहुतेक ३२-बिटच. क्रॉसओव्हर (वाइनचीच विकाऊ आवृत्ती) विकणाऱ्या कोडवीव्हर्सला त्यासाठी चक्क कंपायलर (कंपाइल करणारं हत्यार) बदलून घ्यावा लागला, म्हणजे ६४-बिट प्रोसेसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) पोटात ३२-बिट कोड चालेल. नुसतं रिकंपाइल म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं: प्रोग्रॅम नव्हे, कंपायलर.

आणि हे काही वाइनचंच दुखणं नाही. मायक्रोसॉफ्टने २०१६मध्ये उलटा प्रयोग केला, विंडोजवर लिनक्सचे सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडच्या मागण्या) भाषांतरित करायचे. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतःचा, सोर्स स्वतःचा, पैशाला तोटा नाही. तरी २०१९मध्ये त्याच सोयीची दुसरी आवृत्ती, डब्ल्यूएसएल २, जाहीर करताना त्यांनी भाषांतर बाजूला ठेवून आत खराखुरा लिनक्स कर्नलच बसवला.

 

मेसेजमधलं एक मान्य. फ्रीबीएसडीवर वाइन मिळतं, मॅकवरही मिळतं, आणि बरंच काही छान चालतं. पण ते कुणीतरी वर्षानुवर्षं खपून चालवलंय.

राहिली 'कुठलीही ईएक्सई'. काका, तुमच्या सॉफ्टवेअरला डोंगल (ते उघडायला कॉम्प्युटरला लावायची किल्ली) लागतं ना? त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये बसायला लिहिलेला असतो. वाइन कर्नलच्या बाहेर राहतं, त्यामुळे असे ड्रायव्हर सहसा इथेच अडकतात, मग मॅक असो की लिनक्स. तेव्हा मॅक मिनीवाल्याला आत्ता पैसे देऊ नका. शनिवारी डोंगल आणि एखादी लग्नपत्रिकेची फाइल घेऊन या, माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर लावून बघू. डोंगल ओळखलं नाही, तर तुमचा जुना पीसी आहे तसाच ठेवायचा, फक्त त्याची नेटची वायर काढून टाकायची.