‘स्वतःचं अॅप पाहिजेच’? आधी सेल्समनचा फोन बघा

नागपुरात इतवारी-गांधीबागेतल्या होलसेलवाल्यांपासून बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखानदारांपर्यंत एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. मतलब असा की कर्मचारी दहा असोत की पाचशे, त्यांच्यासाठी कंपनीचं स्वतःचं अॅप हवंच. खर्च एकदाच, प्ले स्टोअरवर टाकलं की काम संपलं, जीपीएस लावला की फिरतीवरचा माणूस नजरेखाली, नेटवर्क नसलं तरी अडत नाही, वेबवर चालणारं सगळं म्हणजे जुगाड आणि कागद तर कायमचा बंद. यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे एकेक करून बघू.

खर्च एकदाच?

प्ले स्टोअरच्या खात्याचे २५ डॉलर एकदाच लागतात, एवढं खरं. अॅपलचे ९९ डॉलर दरवर्षी. पण ही चिल्लर झाली. गूगल साधारण दर ऑगस्टअखेरीस अट पुढे सरकवतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवीन अॅप आणि अपडेट अँड्रॉइड १५ धरून बांधलेलं असणं सक्तीचं झालं. दोन-तीन वर्षं हात न लावलेलं अॅप जुन्या फोनवर चालत राहतं, पण नव्या भरतीतल्या पोराच्या नव्या फोनला ते स्टोअरवर सापडतच नाही, आणि मालकाला वाटतं पोरगं बहाणे सांगून राहिलं. म्हणून कोटेशनमध्ये वर्षाच्या देखभालीचा आकडा वेगळा मागा. स्टोअरचं खातं कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्याच ईमेलवर काढा. ते डेव्हलपरच्या नावावर असेल, तर बिलावरून वाजलं त्या दिवशी अपडेटही थांबलं.

स्टोअरवर टाकलं की झालं?

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यावरून अॅप सगळ्यांसाठी खुलं करायचं, तर आधी १२ जणांनी सलग १४ दिवस ते तपासावं लागतं. कंपनीच्या खात्याला ही अट नाही, मात्र डी-यू-एन-एस क्रमांक, म्हणजे कंपनीची ओळख पटवणारा नंबर, लागतो. मुळात कामगारांचं अॅप जगाला दाखवायचंच कशाला? मॅनेज्ड गूगल प्ले या कंपन्यांसाठीच्या प्ले स्टोअरमध्ये खासगी अॅप ठेवता येतं. ते आपल्याच माणसांना दिसतं.

या कटकटीला कंटाळून एपीके फाइल (स्टोअरविना थेट अॅप बसवणारी फाइल) व्हॉट्सअॅपवर फिरवतात, ते तर करूच नका. लग्नपत्रिका किंवा ई-चलान म्हणून येणाऱ्या एपीकेने लोकांची बँक खाती रिकामी होतात. कंपनीची फाइल उतरवण्यासाठी ‘अनोळखी स्रोत’ चालू करायची सवय तुम्हीच लावलीत, तर पुढची फाइल कोणाची आहे हे तुमचा माणूस बघणार नाही.

जीपीएस लावला की नजर राहते?

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो आणि सगळ्यात जास्त भांडणंही इथेच होतात. अँड्रॉइड १० पासून अॅप बंद असताना लोकेशन घेण्याची परवानगी वेगळी आहे, आणि ११ पासून ती सेटिंगमध्ये जाऊन हाताने द्यावी लागते. त्यावर शाओमी, व्हिवो, ओप्पो, रिअलमी यांचा बॅटरी वाचवणारा पहारेकरी बसलेला असतो, तो मागे चालणारं अॅप मारून टाकतो. काटोल रोडवर अकरा वाजता नकाशावरची रेघ तुटते. संध्याकाळी सेल्समन सांगतो, ‘लोकेशन तर चालूच होतं भाऊ, आपोआप बंद होऊन राहिलं.’ बहुतेकदा तो खरंच बोलत असतो.

असं होऊ नये म्हणून प्रत्येक फोन हातात घेऊन तीन गोष्टी करा: ऑटोस्टार्ट चालू, बॅटरीला ‘निर्बंध नाही’, आणि अलीकडच्या अॅपच्या यादीत आपल्या अॅपला कुलूप. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की पुन्हा तपासा. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना बाइकच्या हँडलला लावलेला फोन तापून चार्जिंग थांबवतो, तेही हिशेबात धरा.

दिवसभराची रेघ हवीच कशाला, हा खरा प्रश्न आहे. दुकानात पोचल्यावर ‘भेट नोंदवा’ दाबलं की एकदाच लोकेशन घ्या, सोबत अचूकतेचे मीटरही साठवा. इतवारीच्या गल्ल्यांत किंवा पत्र्याच्या शेडखाली लोकेशन पन्नास-पन्नास मीटर सरकतं. तिथे दुकानापासून २५ मीटरच्या आतलीच भेट धरायची असं कुंपण अॅपमध्ये घातलं, तर दुकानात उभा असलेला माणूस गैरहजर लागेल. १५० मीटर ठेवा आणि काउंटरवर क्यूआर चिकटवा. क्यूआरचा फोटो काढून घरून स्कॅन करणारे निघतील, म्हणून लोकेशन आणि क्यूआर दोन्ही जुळले तरच भेट धरा. खोटं लोकेशन दाखवणारी अॅप्सही आहेत. लोकेशन बनावट अॅपमधून आलंय का, हे अँड्रॉइड विचारल्यावर सांगतं. विचारायचं मात्र प्रोग्रॅमरने असतं.

शिफ्ट संपली की लोकेशन बंद. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. नोकरीच्या कारणासाठी डेटा वापरायला कायद्यात वाट आहे, पण रात्री दहा वाजता माणूस कुठे आहे हे त्या वाटेत बसवणं कठीण.

नेटवर्क नसलं तरी चालतं?

हाच तो अर्धा खरा मुद्दा. रामटेकहून देवलापारकडच्या जंगलपट्ट्यात किंवा कोल्ड स्टोरेजच्या आत रेंज जाते, आणि नीट बांधलेलं अॅप तिथे उपयोगी पडतं. पण ‘ऑफलाइन चालतं’ या शब्दावर जाऊ नका, समोर बसवून परीक्षा घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि पाच ऑर्डर भरा. अॅप जबरदस्तीने बंद करा, फोन रीस्टार्ट करा, नेटवर्क चालू करून ‘पाठवा’ दोनदा दाबा. ऑफिसात बरोबर पाच ऑर्डर दिसल्या पाहिजेत, ज्या वेळेला भरल्या त्याच वेळेसह.

सहा-सात दिसल्या तर कारण ठरलेलं असतं. ऑर्डर सर्व्हरला पोचली, पोच परत येईपर्यंत रेंज गेली, अॅपने तीच पुन्हा पाठवली. प्रत्येक ऑर्डरचा वेगळा क्रमांक फोनवरच तयार होत असेल, तर सर्व्हर दुसऱ्या खेपेला तिला ओळखतो. कॅमेऱ्याचा चार एमबीचा फोटो पाठवण्याआधी दोनशे केबीवर आणा, नाहीतर एका फोटोमागे सगळी रांग तुंबते.

स्टॉकचंही असंच. अॅपला स्टॉक हिशेबाच्या टॅली प्राइममधून मिळत असेल, तर ते ९००० या पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या ठरलेल्या दारातून, माहिती देतं, पण तो कॉम्प्युटर चालू आणि ती कंपनी उघडी असेल तरच. अकाउंटंटने सात वाजता मशीन बंद केलं की उमरेडच्या दुकानात उभ्या असलेल्या सेल्समनला जुना स्टॉक दिसतो आणि तो नसलेला माल विकून येतो. स्टॉकच्या आकड्याशेजारी तो किती वाजताचा आहे ते दाखवायला लावा.

वेब म्हणजे जुगाड?

नाही. गेट रजिस्टर, मशीनची चेकशीट, रजेचा अर्ज, मंजुऱ्या, हे सगळं ब्राउझरमधून होमस्क्रीनवर ठेवता येणाऱ्या वेब अॅपवर निवांत चालतं. फॉर्म, फोटो, थोडी ऑफलाइन साठवण, सगळं जमतं. आयफोनवर होमस्क्रीनवर ठेवलेल्या वेब अॅपला २०२३ च्या आयओएस १६.४ पासून नोटिफिकेशनही येतात. अडतं ते बंद असताना लोकेशन घेणं आणि ब्लूटूथ प्रिंटरवर बिल काढणं इथे. हे लागत असेल तर फ्लटर किंवा रिअॅक्ट नेटिव्ह या साधनांत दोन्ही प्रकारच्या फोनवर चालणारा एकच कोड लिहून घ्या. अँड्रॉइड आणि आयफोनची दोन वेगळी अॅप्स फिरतीच्या माणसांसाठी करणं म्हणजे उधळपट्टी.

दहा-पंधरा माणसं असतील, तर महिन्याचे पैसे भरून तयार अॅप घ्या. पहिला हप्ता देण्याआधी सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर निघतो का, ते काढून बघा.

कागद कायमचा बंद?

सुरुवात एका बीटवर (सेल्समनच्या ठरलेल्या फेरीवर), दोन सेल्समनवर, तीन आठवडे, आणि पावतीबुक डिकीतच राहू द्या. फोन बंद पडलेल्या दिवशीच्या पावत्या संध्याकाळी ऑफिसात चढवाव्या लागतात. त्यांच्यावर ‘मागाहून नोंद’ असा शिक्का अॅपमध्येच पडला पाहिजे, नाहीतर महिनाअखेरीस कोणाची वेळ खरी यावरून अकाउंटंट आणि सेल्समन भांडत बसतील.