‘सरळ सेन्सर बदलायचा होता’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गरम असताना थांबवली की पुन्हा चालू न होणाऱ्या आणि वीस मिनिटांनी काही न करता नीट चालू होणाऱ्या गाडीवर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, मी गिऱ्हाइकाची गाडी तीन दिवस उगाच अडकवली. स्कॅनरने फॉल्टचा कोड दाखवलाच होता, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का, किती वेगाने, हे सांगणारा) बदलला असता तर अर्ध्या तासात गाडी बाहेर पडली असती. तुम्ही स्वतः गॅरेज चालवता, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

आधी तुमचं बरोबर काय ते. तीन दिवस लागतील हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. रोज संध्याकाळी ‘उद्या देतो’ म्हटलं, ती माझी चूक. आणि गरम झाल्यावर दगा देणारे क्रँक सेन्सर मीही पुष्कळ बदललेत. तुमचा अंदाज चुकीच्या दिशेला नव्हता.

पण एक गोष्ट लेखात नीट आली नाही. माझ्याकडे येण्याआधी त्या गाडीचा सेन्सर दोनदा बदलून झाला होता. दोन्ही वेळा गाडी तीन-चार आठवडे छान चालली आणि पुन्हा तोच त्रास सुरू झाला. आता मी तिसरा सेन्सर बसवला असता तरी ती महिनाभर चाललीच असती. कारण सेन्सर बदलताना आपण कपलर, म्हणजे तारा सेन्सरला जोडणारा प्लग, काढतो आणि परत लावतो. त्यात पिना एकमेकींवर घासतात, थोड्या स्वच्छ होतात, नव्या जागी टेकतात. फॉल्ट दबतो आणि श्रेय नव्या पार्टला जातं. अशा फॉल्टमध्ये मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. म्हणून फॉल्ट समोर येईपर्यंत मी कपलरला हात लावत नाही.

कोडचं म्हणाल तर स्कॅनरने दाखवलेला पी ०३३५ म्हणजे ‘क्रँक सेन्सर खराब’ नव्हे. त्याच्या नावातच ‘सर्किट’ आहे: सेन्सर, कपलर, तारा, अर्थिंग, ईसीयूपर्यंत (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) सगळं त्यात आलं.

आता ते तीन दिवस. गाडीमालकांनी सांगितलं होतं की पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढून आल्यावर चहाला थांबलं, की पुढे गाडी चालूच होत नाही. चालत्या गाडीत कधीच नाही. हे ऐकलं तेव्हाच माझा अर्धा शोध संपला होता. इंजिन बंद केल्यावर वारा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि बॉनेटखालची उष्णता थोडा वेळ उलट वाढते. म्हणून मी रोज गाडी चढावर नेत होतो, एसी लावून चांगली तापवत होतो, मग बॉनेट न उघडता दहा मिनिटं बंद ठेवत होतो. दोन दिवस ती निमूट चालू झाली.

तिसऱ्या दिवशी झाली नाही. सेल्फ (स्टार्टर) इंजिन फिरवत होता आणि स्कॅनरवर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, शून्य. ईसीयूच्या बाजूला पाच व्होल्ट व्यवस्थित, सिग्नल मात्र नाही. सेन्सरच्या कपलरमध्ये मागून, तारेच्या कडेने, बारीक सुई सरकवली. तारेत पाच व्होल्ट येत होते. गॅरेजमधला पोरगा सेल्फ मारत असताना मी कपलरला एका बोटाने हलकं दाबलं आणि आरपीएम दोनशेवर आला, गाडी चालू झाली. मग कपलर उघडून त्याच मापाची सुटी मेल पिन तिन्ही खाचांत घालून पाहिली. दोन खाचांनी ती धरली, तिसरीतून ती आपल्या वजनाने खाली पडली. तिथली फिमेल पिन, म्हणजे मेल पिनेला धरणारी खाच, पसरली होती. तापल्यावर तिचा उरलासुरला कॉन्टॅक्टही जायचा.

मल्टिमीटरने हे आधी का कळलं नाही, असंही तुम्ही विचारलंय. थंड गाडीत पिना टेकलेल्याच असतात, मग मीटर ओके दाखवणारच. तारेचंही तसंच. वीस धाग्यांतला एक धागा शिल्लक असला तरी मीटरची कंटिन्युइटीची (तार अखंड असल्याची) शिट्टी वाजते. जाड सप्लाय किंवा अर्थिंगच्या तारेवर संशय असेल तर मी २१ वॉटचा बल्ब लावतो. त्याला पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट लागतो, तो खराब तारेतून नीट मिळत नाही आणि बल्ब मिणमिणतो. सेन्सरच्या किंवा ईसीयूच्या तारेवर मात्र हा प्रयोग चुकूनही करू नका.

पिन बदलल्यावर मी आणखी एक केलं. पहिल्यांदा काढलेला ‘खराब’ सेन्सर मालकांनी डिकीत जपून ठेवला होता. त्यांना विचारून तोच परत बसवला. चार महिने झाले, गाडी त्याच सेन्सरवर रोज पुण्याला ये-जा करते आहे.

शेवटी तुमच्या त्या जुन्या पेट्रोल व्हॅनबद्दल, जी फक्त पावसात मिसिंग करते, म्हणजे झटके खात चालते. पावसाची वाट पाहू नका. रात्री गॅरेजचे दिवे घालवा, इंजिन चालू ठेवा आणि प्लगच्या वायरींवर, कॉइलवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. हात आणि सैल कपडे लांब ठेवा. करंट जिथून गळत असेल तिथे निळसर ठिणगी दिसेल. दिसली तर कुठे दिसली ते जरूर कळवा. नाहीच दिसली, तर व्हॅन घेऊन या, दोघं मिळून बघू.