पहिलं मंत्रिमंडळ कसं बनवू नये

समजा, तुमचा देश उद्या स्वतंत्र होतोय. हसू नका, अशा गोष्टी सांगून येत नाहीत आणि मग ऐनवेळी तारांबळ उडते. वसाहतीचा साहेब बिस्तरा गुंडाळतो, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "तुमच्या मंत्र्यांची यादी?" त्या वेळी डोकं खाजवत बसायला नको, म्हणून चार गोष्टी आधीच ऐकून ठेवा. आमच्याकडे १९४७ साली हा प्रयोग होऊन गेलाय. त्यात इतका अव्यवहारीपणा झाला की नवख्या माणसाला त्याहून चांगली शिकवणी मिळणार नाही.

आधी मुहूर्ताचं पाहू. तारीख तुम्ही काढायची नसते, ती जाणारा पाहुणा काढतो. माउंटबॅटनसाहेबांनी १५ ऑगस्ट धरला, का, तर दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी जपाननं शरणागती पत्करली होती. लग्न आपल्या घरचं आणि तिथी साहेबांच्या आठवणीची! त्यात ज्योतिष्यांनी नाकं मुरडली, शुक्रवारचा हा दिवस बरा नाही म्हणाले. मग १४ तारखेच्या रात्री ११ वाजता संविधान सभा बसवली आणि मध्यरात्रीच्या ठोक्याला काम उरकलं. पंचांगही राजी, साहेबही राजी. (पुढे आमच्या महाराष्ट्रात भल्या पहाटेही शपथविधी झाला, पण तिथलं गणित ग्रहांचं नव्हतं.)

बरं, शपथ घेताना आपला देश कुठून कुठपर्यंत आहे हे ठाऊक असलंच पाहिजे असं काही नाही. आमच्या मंत्र्यांनी १५ तारखेला शपथ घेतली आणि रॅडक्लिफसाहेबांनी आखलेली सीमा जाहीर झाली १७ तारखेला. सातबारा हातात यायच्या आधीच वास्तुशांत! जेवणावळी उठल्यावर कळलं की अर्धं घर शेजाऱ्याच्या गटात गेलंय आणि तिथली माणसं जीव मुठीत धरून रस्त्यावर आलीत.

आता यादी. त्या मध्यरात्री नेहरू आणि राजेंद्रप्रसाद माउंटबॅटनकडे गेले. नेहरूंनी मोठ्या अदबीनं एक पाकीट त्यांच्या हाती दिलं, म्हणाले, ही नव्या मंत्र्यांची नावं आणि खाती. मंडळी गेल्यावर पाकीट उघडलं, तर आत यादीच नाही! गडबडीत भलतंच पाकीट गेलं होतं, असं सांगतात. हा गोंधळ तुम्ही टाळा. त्यावर आम्ही पुढे फार सुंदर उपाय काढला. आमच्याकडे हल्ली पाकीट उलट्या दिशेनं येतं, म्हणजे वरून खाली. निरीक्षक ते विमानानं घेऊन येतात, सगळे आमदार टाळ्या वाजवायच्या तयारीत बसलेले असतात आणि आतलं नाव वाचेपर्यंत कुणाचं कशाला मत असत नाही. रिकामं पाकीट पाठवायची चैन नेहरूंना परवडली, कारण यादीत काय लिहायचं हे त्यांच्या स्वतःच्या डोक्यात होतं.

यादी सापडली तेव्हा माणसं किती निघाली? पंतप्रधान धरून चौदा. अख्ख्या देशाला चौदा! एवढ्यात आमच्या एका जिल्ह्याची नाराजी निघत नाही. वल्लभभाईंकडे गृह, नभोवाणी आणि संस्थानं अशी तीन खाती. आणि आमच्या पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे काय होतं ते बसून ऐका: बांधकाम, खाणी आणि वीज. तिन्ही एकाच माणसाकडे! आजचा एखादा इच्छुक ही नुसती ओळ वाचून घेरी येऊन पडेल. राजकुमारी अमृत कौर या एकट्या बाई, त्यांना आरोग्य खातं दिलं. तेव्हा महिला व बालकल्याण नावाची सोय निघाली नव्हती म्हणून, दुसरं काय! खरंच आरोग्य हातात आल्यावर बाईंनी दिल्लीत एम्स उभं करायचा ध्यास घेतला. दिलेलं खातं मनावर घेणारा माणूस किती महागात पडतो, पाहा.

खातेवाटपाबद्दल मात्र एक खरा धडा देतो, यात थट्टा नाही. वर्षभर आधीच्या हंगामी सरकारात मुस्लिम लीग आली, तेव्हा तिला एखादं वजनदार खातं देणं भाग होतं. सरदार गृह सोडेनात, म्हणून अर्थ खातं लियाकत अलींना दिलं. तिजोरी म्हणजे काय, कारकुनी काम, असा हिशेब असावा. थोड्याच दिवसांत उमगलं की अर्थ खात्याच्या होकाराशिवाय साधा चपराशीसुद्धा नेमता येत नाही. तेव्हा पोलीस कुणालाही द्या, किल्ली देऊ नका.

एवढं शहाणपण पदरात पडल्यावर ऑगस्टमध्ये किल्ली कुणाला दिली असेल? सर षण्मुखम चेट्टींना. काँग्रेसशी हयातभर फटकून असलेल्या जस्टिस पार्टीचे, कोचीन संस्थानचे माजी दिवाण, वर इंग्रजांनी दिलेली 'सर' ही पदवी. आणि इथेच मूळ दुखणं सुरू होतं. चेट्टींवर भागलं नाही. श्यामाप्रसाद मुखर्जी हिंदू महासभेचे, त्यांना उद्योग. जॉन मथाई टाटांकडचे अर्थतज्ज्ञ, त्यांना रेल्वे. बलदेव सिंग अकालींचे, त्यांना संरक्षण. व्यापार भाभांना, अणूवाले होमी भाभा नव्हेत, हे मुंबईचे पारशी उद्योजक. आणि काँग्रेसवर वीस वर्षं आसूड ओढणारे डॉ. आंबेडकर, त्यांना कायदा. आंबेडकरांची तर संविधान सभेतली जागाच गेली होती. ते निवडून आले होते बंगालमधून, फाळणीत ती जागा बुडाली. मग राजेंद्रप्रसादांनी ३० जून १९४७ला मुंबई प्रांताचं सरकार चालवणाऱ्या बाळासाहेब खेरांना पत्र लिहून त्यांना मुंबईतून ताबडतोब निवडून पाठवायला सांगितलं. मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्यानं जागा मोकळी होतीच. म्हणजे विरोधकाला पाडायचं सोडून त्याच्यासाठी मतदारसंघ शोधत फिरायचं! (बंगालमध्ये आंबेडकरांना निवडून आणायला झटलेले जोगेंद्रनाथ मंडल त्याच ऑगस्टात पलीकडे पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. ते १९५०मध्ये राजीनामा देऊन कलकत्त्याला परतले. फाळणीत टेबलं-खुर्च्या वाटून घेतल्या, राजीनाम्याची खोड मात्र दोन्हीकडे गेली.)

तुम्ही हे अजिबात करू नका. विरोधक घ्यायचाच तर आधी त्याला आपल्या पक्षात घ्या, गळ्यात उपरणं घाला, फोटो काढा. एकदा उपरणं पडलं की मत आपोआप उतरतं. यांनी काय केलं, माणसं घेतली ती मतांसकट.

परिणाम व्हायचा तोच झाला. चेट्टींनी २६ नोव्हेंबर १९४७ला साडेसात महिन्यांचा पहिला अर्थसंकल्प मांडला. जमा १७१ कोटी, खर्च १९७ कोटी, त्यातले ९२ कोटींच्या वर नुसते संरक्षणाला. पुढच्या ऑगस्टात करचुकवेगिरीच्या चौकशीतून काही नावं वगळल्याचा गदारोळ झाला आणि चेट्टी घरी गेले. चौकशी समिती नेमून तिला सहा वेळा मुदतवाढ देता येते, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. त्यांच्या जागी मथाई आले. त्यांना नियोजन आयोग म्हणजे दुसरं मंत्रिमंडळच वाटू लागलं, १९५०मध्ये तेही गेले. त्याच वर्षी, आता पाकिस्तानचे पंतप्रधान असलेल्या लियाकत अलींशी अल्पसंख्याकांबाबत झालेला करार पटला नाही म्हणून मुखर्जी गेले. साथच ती! मथाईंच्या जागी आलेले आमचे चिंतामणराव देशमुख तरी चिकटून बसतील म्हणावं, तर १९५६मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनीही अर्थ खातं नेहरूंच्या टेबलावर ठेवलं. पुढचं खातं हातात असल्याखेरीज हातातलं सोडू नये, हा व्यवहार यांतल्या एकालाही ठाऊक नव्हता.

आणि आंबेडकर. हिंदूंचे लग्न-वारशाचे कायदे सुधारणारं हिंदू कोड बिल रखडत ठेवलं म्हणून त्यांनी सप्टेंबर १९५१मध्ये राजीनामा दिला. लोकसभा तेव्हा व्हायची होती. हंगामी संसदेत निवेदन करायला ते उभे राहिले, तर पीठासीन अधिकाऱ्यांनी आधी प्रत मागितली, वेळ पुढे ढकलली. बाबासाहेब तडक बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना देऊन मोकळे झाले. त्यात त्यांनी आपल्या खात्याबद्दल लिहिलंय की कायदा खातं म्हणजे साबणाचा रिकामा खोका, म्हाताऱ्या वकिलांना खेळायला बरा, असं आम्ही म्हणायचो. असल्या रिकाम्या खोक्यात बसून या गृहस्थानं चार वर्षांत राज्यघटनेचा मसुदा पार नेला, कोड बिलासाठी सगळ्यांशी वैर घेतलं, आणि जाताना खोका जसा मिळाला तसा परत केला.

तुमच्या मंत्र्यांना ही गोष्ट सांगायची तर जपून सांगा. खोका हा शब्द आमच्याकडे आता निराळ्या हिशेबात चालतो आणि रिकामा असेल तर तो कुणी हातात धरत नाही.