दोन जिवांची आहे म्हणून डबल वाढू नका, आणि सिझरच्या भीतीनं उपाशीही ठेवू नका

आमच्या कोल्हापुरात पोरगी गरोदर आहे कळलं की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते दोन जिवांची आहेस, दोघांचं खा, दुसरी म्हणते जास्त खाऊ नको बाळ मोठं होईल आणि सिझर करावं लागेल. मला दोन्ही पटत नाही, आणि दुसऱ्या पार्टीची तर खरंच भीती वाटते.

माझ्या धाकट्या जावेच्या डोहाळजेवणात एक मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोट दिसंना झालंय की गं, खातीस का न्हाई?" आणि थोड्या वेळानं दुसऱ्या काकू, "बास कर आता, भात बंद कर." तिनं अर्धी पुरणपोळी तशीच ताटात ठेवली. मला इतका राग आला ना!

अहो वजन किती वाढावं हे ती सुरुवातीला किती किलोची होती त्यावर ठरतं. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचे २००९ चे आकडे आहेत, आपले डॉक्टरही बऱ्याचदा तेच सांगतात. पाच फूट उंचीची पोरगी ४२ किलोची असेल तर ती कमी वजनाची, तिचं १२.५ ते १८ किलो वाढायला हवं. तेवढ्याच उंचीची ६२ किलोची असेल तर ७ ते ११.५ पुरे. वजन नॉर्मल असेल तर ११.५ ते १६. म्हणजे एकाच घरातल्या दोन जावांना एकच नियम लावून चालतच नाही. आणि हे सगळं चरबीत जात नाही बरं का, बाळ, वार, गर्भजल, वाढलेलं रक्त, मोठं झालेलं गर्भाशय, सगळं मिळून ते वजन असतं.

पहिल्या तीन महिन्यांत जादा खायची तशी गरजच नसते, उलट्यांनी एखाद-दुसरा किलो कमी झाला तरी लगेच रडारड नको (पाणीपण पोटात टिकत नसेल तर मात्र दवाखाना गाठा). पुढं दिवसाला साधारण ३५० कॅलरी जादा लागतात, म्हणजे एक मोठा ग्लास म्हशीचं दूध आणि एक केळं, झालं! याला काय डबल जेवण म्हणतात का? त्यात कडधान्य, अंडी, शेंगदाणे असं प्रोटीन वाढवा, नुसतं तूप आणि लाडू नको. आणि दूध म्हटलं की आपल्याकडं कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आठवतं, पण गरोदर बाईला कच्चं दूध अजिबात देऊ नका, त्यातनं इन्फेक्शन होऊन बाळाला धोका असतो. उकळूनच द्या.

वजन फार वाढलं तर शुगर, बीपीचा त्रास वाढतो हे खरं, पण त्यावर उपाय म्हणून पोरीला उपाशी ठेवायचं? त्यानं बाळ कमी वजनाचं किंवा वेळेआधी जन्मण्याची भीती वाढते, आणि अडीच किलोच्या आतलं बाळ सांभाळणं किती अवघड ते ज्यांनी सांभाळलंय त्यांना विचारा. सिझर होणार का नाही हे एका वाटीभर भातावर ठरत नाही ओ.

म्हणून सासवांनो, आयांनो, पहिल्याच तपासणीला वजन कार्डावर लिहून घ्या आणि हिचं किती वाढायला हवं हे तिथंच डॉक्टरांना विचारा. पैशाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते. आणि एखाद्या आठवड्यात वजन एकदम वाढलं, तोंड-हात सुजले, डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली तर ते खाण्यामुळं आहे म्हणून घरी बसू नका, बीपी असू शकतं, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.